धोंड्याच्या वाणातल्या स्प्रिंगा

आमच्याकडची गाडी माझ्या नवऱ्याची आहे. कागदोपत्री त्याची आहे, सायखेड्याला माझ्या माहेरी त्याची आहे, आणि गॅरेजमधल्या मिस्त्रीला इंजिनाबद्दल काही विचारायचं झालं तर तोही त्याच्याकडेच बघतो. नवरा ती चालवत नाही, एवढीच काय ती उणीव. तो एका पतसंस्थेत नोकरीला आहे. इंदिरानगरातून स्कूटरवर जातो आणि स्पीडब्रेकर दिसला की आधी तो थांबतो, मग स्कूटर.

गाडी जुनी आहे. वडिलांनी नवी घेतली तेव्हा ही त्यांनी आम्हाला दिली, म्हणजे जावयाला दिली. मी शेजारीच उभी होते. याच गाडीवर मी शिकले होते, चुलतभावाला भज्यांची लाच देऊन, वडील मार्केटला गेले की. तरी हार घातलेल्या त्या गाडीची किल्ली पेढ्यासकट पडली ती नवऱ्याच्या तळहातावर. त्याने ती घेतली, सासऱ्यांच्या पाया पडला, गाडी कशीबशी गल्लीबाहेर काढली आणि वळणावरून घर दिसेनासं झाल्यावर खाली उतरून म्हणाला, "घे बाई, मला घाम फुटलाय." तेव्हापासून हाच शिरस्ता. माहेरच्या वळणापर्यंत मी, तिथून दारापर्यंत तो.

मी अंबडच्या एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. दुसऱ्यांनी केलेल्या वस्तू दिवसभर मोजायच्या आणि नापास करायच्या, यासाठी मला पगार मिळतो. नोकरीमुळे स्वभाव असा झाला की स्वभावामुळे ही नोकरी मिळाली, यावर आमच्या घरात दोन मतं आहेत. सुट्टीच्या दिवशी मी गाडी पळवते. दिंडोरीच्या पुढे एका बागाइतदाराने जुनी द्राक्षबाग काढून रान मोकळं ठेवलंय, तिथे अधूनमधून रविवारी शर्यत भरते. मुरमावर वळणं आखलेली असतात, एका वेळी एकच गाडी सुटते आणि घड्याळ लावून बसलेले लोक वेळ सांगतात. येणाऱ्यांतले निम्मे बापाच्या जिवावर आलेले. इंजिनात दम नाही, पण बॉनेटवर स्टिकर चिकटवायला जागा उरलेली नाही. मी दोनदा बक्षीस घेतलं. ते करंडक सायखेड्याला दिवाणखान्यात टीव्हीशेजारी आहेत आणि आल्यागेल्याला वडील ते दाखवतात. "जावयाची गाडी," म्हणतात. मग आवाज जरा खाली आणून, "चालवती पोरगीच. पण जावई मोठ्या मनाचे हाय, चालवू देत्यात."

मला काय हवं होतं ते सरळच सांगते. मोठं काहीच नाही. गाडी माझी आहे, हे एकदा वडिलांच्या तोंडून ऐकायचं होतं. एवढ्याशा वाक्यासाठी एवढं जळायचं का, असं नवरा म्हणायचा. त्याला म्हणायला काय जातं, त्याला तर न चालवता गाडी मिळाली होती.

तर स्प्रिंगांची गोष्ट. गेल्या हंगामात मी इंजिनात जास्त जोराचा कॅम बसवून घेतला. कॅम म्हणजे फिरता दांडा. तो व्हॉल्व्हला ढकलून उघडतो, आणि उघडलेला व्हॉल्व्ह परत मिटवायचं काम स्प्रिंगचं. कॅम आला दांडगा आणि स्प्रिंगा राहिल्या जुन्या, मऊ. इंजिनाचा वेग चढला की त्यांची दमछाक व्हायची. लग्नघरात पाहुण्यांची रीघ लागली की दार लावायला कोणाला उसंत मिळत नाही, तसं. इंजिन खोकायचं, गाडी मागे ओढल्यासारखी व्हायची. आणि न मिटलेला व्हॉल्व्ह खालून वर येणाऱ्या पिस्टनला धडकला, तर नुसत्या खोकल्यावर भागत नाही, सगळं इंजिनच जातं. त्या दुखण्यापायी शेवटच्या शर्यतीत मी हरले. कडक स्प्रिंगा टाकल्याशिवाय पुन्हा उतरायचं नाही, असं ठरवलं होतं.

त्यात आला धोंड्याचा महिना. दर तीन वर्षांनी हा जास्तीचा महिना येतो आणि महाराष्ट्रातले जावई फुगतात. लेक-जावई म्हणजे लक्ष्मी-नारायण, असं म्हणायचं, नारायणाला ताट भरून वाण द्यायचं आणि लक्ष्मीला साडी. वाणात जाळीदार पदार्थ हवा, म्हणून अनारसे किंवा बत्तासे, आणि ते तेहतीसच हवेत. आईने नवऱ्याला विचारलं, "जावईबापू, यंदा काय घेऊ तुम्हाला? अंगठी का घड्याळ?"

नवरा माझ्याकडे न बघता म्हणाला, "आई, घ्यायचंच तर गाडीच्या इंजिनाला स्प्रिंगा घ्या."

माणूस भित्रा आहे, पण आतून फार लबाड आहे. मला त्या क्षणी त्याचा मुका घ्यावासा वाटला. माहेरी होते म्हणून नुसतं "अहो, कशाला" म्हटलं.

आई विचारात पडली. "जाळीदार असत्यात का त्या?"

"आरपार दिसतं," नवरा म्हणाला.

"किती लागत्यात?"

"सोळा व्हॉल्व्ह," मी म्हटलं. "एकेकाला दोन दोन. मोठीच्या पोटात बारकी."

आईने बोटांच्या पेरांवर मोजलं. "बत्तीस झाल्या. धोंड्याला तेहतीस लागत्यात." देवाचं आणि इंजिनाचं गणित एका आकड्याने चुकलं होतं, आणि चूक अर्थात इंजिनाची होती. "एक जास्तीची घ्या मग. असू द्या संगती."

स्प्रिंगा पूर्ण संचच्या संच मिळतात, सुट्या देत नाहीत. दुकानदाराला मी धोंड्याचं वाण समजावून सांगितलं. त्याने आयुष्यात बरीच कारणं ऐकली असतील, पण हे ऐकून त्याने चष्मा काढला. एका मोडलेल्या संचातली एक बारकी स्प्रिंग त्याच्याकडे पडून होती, ती त्याने तेहतिसावी म्हणून वर टाकली.

वाणाच्या दिवशी नवरा पाटावर बसला. कपाळाला कुंकू, खांद्यावर उपरणं, पुढे तांब्याचं ताट, ताटात एकीकडे अनारसे आणि दुसरीकडे तेलकट काळ्या स्प्रिंगा, मधोमध दिवा. आईने स्प्रिंगांवर हळदकुंकू वाहिलं आणि वर झेंडूचं फूल ठेवलं. पतसंस्थेतला तो सज्जन माणूस दोन्ही हातांनी ताट धरून "जड आहे हो" म्हणाला. मला साडी मिळाली, मोरपिशी. दर धोंड्याला मोरपिशीच मिळते.

पुरणाचे धोंडे तुपात बुडवून खाताना वडील म्हणाले, "जावईबापू, आता लय पळंल बघा तुमची गाडी."

"हिने पळवली तर," नवरा म्हणाला.

"तुमचं मनच मोठं," वडील म्हणाले आणि त्याला आणखी एक धोंडा वाढला. मी ताटातलं पुरण चिवडत बसले. माझं मन केवढं आहे, ते त्या घरात आजवर कोणी मोजलेलं नाही.

निघताना आईने स्प्रिंगा तांबड्या फडक्यात बांधून नवऱ्याच्या हातात दिल्या. गाठ जावयानेच सोडायची आणि कामाला लावायच्या वेळीच सोडायची, अशी तंबी दिली. हा नियम कुठल्या पोथीतला, असं मी विचारणार होते, पण तिच्या डोळ्यांत पाणी बघून गप्प बसले. मोजणारी बाई मी आणि गाठोडं न मोजता घरी आणलं. फडकं कपाटात गेलं.

पुढच्या रविवारी आम्ही पाथर्डी फाट्याजवळच्या गॅरेजात गेलो. त्याच्या पुढच्या रविवारी दिंडोरीला शर्यत होती, पावसाआधीची शेवटची. मिस्त्रीने इंजिनाचं हेड, म्हणजे व्हॉल्व्ह असतात तो वरचा भाग, उतरवून टेबलावर ठेवलं होतं. नवऱ्याने समारंभाने गाठ सोडली. कुंकू लागलेल्या स्प्रिंगा बघून मिस्त्रीने आपोआप हात जोडले.

मी मोठ्या एका ओळीत लावल्या आणि बारक्या दुसऱ्या. बारक्या सतरा, बरोबर. मोठ्या पंधरा. फडकं झटकलं, टेबलाखाली पाहिलं, नवऱ्याचे खिसे तपासले. पंधराच.

"सर," मिस्त्री नवऱ्याला म्हणाला, "एकाला जुनी टाकून देऊ ना. एकच तर हाय. काय फरक पडतो?"

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "पंधरा दारं मिटतील आणि सोळावं उघडं राहील. चोराला किती दारं लागतात?"

"बरोबर बोलताय सर," मिस्त्री नवऱ्याला म्हणाला.

मी आईला फोन लावला. एक मोठी स्प्रिंग तुझ्याकडेच राहिली का, असं विचारलं. आई सहज म्हणाली, "राहती कशाला? गंगेला दिली ना."

गोदावरीला आमच्याकडे गंगा म्हणतात. वाणातला एक अनारसा गंगेला द्यायचा ही आईच्या माहेरची रीत. यंदा वाणात दोन जिनसा होत्या, म्हणून तिने दोन्हींतलं एकेक काढलं आणि संध्याकाळी घाटावर जाऊन द्रोणातून सोडलं.

"अगं, पण जास्तीची बारकी होती! मोठी का दिलीस?"

"देवाला बारकी कशी द्यायची? बरं दिसतं का?" आई म्हणाली. "आणि ती वशट होती, रिठ्यानं चांगली घासून, धुऊन दिली."

मग मी जे बोलले ते इथे लिहीत नाही. आवाज गॅरेजाबाहेर ऐकू गेला असणार, कारण शेजारचा पंक्चरवाला आत डोकावून गेला. आई म्हणाली, गंगेला दिलेलं परत घेत नसत्यात, पाप लागतं. मी म्हटलं, मग इंजिन फुटलं तर ते पाप कोणाला लागेल? तेवढ्यात फोन वडिलांनी घेतला. काय झालंय ते नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "थांब, मी बघतो. जावयाच्या गाडीचं नुकसान व्हायला नको."

मी फोन बंद केला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचं. नवऱ्याने ते पाहिलं आणि स्कूटर काढली.

सायखेड्याच्या घाटावर पोचलो तर वडील पाण्यात. उन्हाळ्याने नदी ओसरली होती आणि उरलेल्या पाण्यावर पाणवेल पसरली होती. वडिलांनी पायजमा गुडघ्यांच्या वर खोचला होता आणि एका जुन्या स्पीकरमधलं भलंमोठं लोहचुंबक दोरीला बांधून ते तळातून ओढत होते. द्रोण फार लांब गेला नव्हता, स्प्रिंगच्या वजनाने तिथेच बुडाला होता, म्हणून जागा ठाऊक होती. पुलावर माणसं जमली होती. गावात नदीत उभ्या माणसाएवढी करमणूक दुसरी नाही.

आई पायरीवर पदर गच्च धरून बसली होती. आम्हाला बघताच उठली आणि थेट नवऱ्याकडे गेली. "जावईबापू, खरं सांगा. त्या स्प्रिंगा तुमच्या का?"

नवरा गोंधळला. "म्हणजे?"

"तुमच्या असल्या तर तुमच्या वाणातलं गंगेला गेलं, आता परत काढलं तर दोष तुमच्या डोक्यावर. माझ्या पोरीच्या कुंकवाला दोष लागंल. तुमच्या नसल्या तर सांगा."

नवऱ्याने एकदा नदीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "आई, मला त्यांचं उलट-सुलटसुद्धा कळत नाही. मी फक्त ताट धरलं. स्प्रिंगाही हिच्या आणि गाडीही हिचीच."

आईचा चेहरा उजळला. "मग सुटलो! दुसऱ्याच्या झाडाची फुलं न विचारता वाहिली तर ती देवाला पोचत नसत्यात. पोरीची वस्तू मी पोरीला न विचारता दिली. ती गंगेला पोचलीच नाय. नुसती पडलीय."

इतकी वर्षं ज्यासाठी मी झुरत होते ते मला असं मिळालं. हक्काने नाही, प्रेमाने नाही, जावयाला दोष लागू नये म्हणून शोधलेल्या पळवाटेने. हसावं की नदीत उडी मारावी, मला समजेना.

तेवढ्यात पुलावरून कोणीतरी ओरडलं, "तात्या, काय शोधून राह्यले?"

"काय नाय रे," वडील म्हणाले. "जावयाची स्प्रिंग पडलीय."

आई पायरीवरून किंचाळली, "जावयाची नका म्हणू! गंगा ऐकून राह्यली! पोरीची म्हणा!"

वडील कमरेतून वळले. "आं?"

"पोरीची म्हणा! आन मोठ्यानं म्हणा!"

वडिलांनी पुलाकडे पाहिलं. तिथे त्यांच्या सोसायटीचे दोघे होते, ट्रॅक्टरवरचा पुतण्या होता, भाजीवाली होती. ते खाली बघून पुटपुटले, "पोरीची हाय."

"मोठ्यानं!"

"पोरीची हाय!" वडील ओरडले. त्यांचा आवाज फुटला. "पोरीच्या गाडीची हाय!"

"आगं बया," भाजीवाली म्हणाली, "मग सापडायलाच पायजे."

मी पायरीवर बसले. आईने वाक्य पढवलं होतं आणि वडिलांनी ते शाळेतल्या कवितेसारखं म्हटलं होतं, हे मला कळत होतं. तरी मी ते वाक्य मनात पुन्हा एकदा म्हणून पाहिलं.

चुंबकाला आधी खिळे चिकटून आले, मग एक गंजकं कुलूप, मग बैलाची नाल. नंतर पाणवेलीच्या मुळांत गुंतलेली ती आली. वडील ती वर धरून पाण्यातून बाहेर आले, चेहऱ्यावर असा आनंद, जणू काही शर्यत तेच जिंकले. त्यांनी हात पुढे केला. सवयीने तो नवऱ्याकडे गेला. नवऱ्याने दोन्ही हात पाठीमागे बांधले. तेव्हा वडिलांनी स्प्रिंग माझ्या हातात दिली.

मी ती ओढणीने पुसली. आईने रिठ्याने तेल काढल्यामुळे पाण्याने आपलं काम चोख केलं होतं. तारेवर तांबूस डाग होते. डागांवरून नख फिरवलं तर बारीक खड्डे लागले. अशी स्प्रिंग इंजिनात टाकली की खड्ड्यापासून तडा जातो आणि ती ऐन वेगात तुटते. इतका वेळ पाण्यात उभ्या असलेल्या माणसाला हे सांगायचं कसं, हे मला नोकरीत कोणी शिकवलं नव्हतं.

"गंजलीय," मी म्हटलं. "बसवता येणार नाही."

वडील माझ्याकडे बघत राहिले. "घासून?"

"नाही. नापास."

 मग आई व्यवहाराला लागली. "मग आता तिचा काय उपयोग? दे इकडं. जावयाच्या नावानं परत सोडते गंगेला. तेवढंच पुण्य."

मी मूठ मिटली. "नाही. ही माझी आहे. आत्ता पुलावरच्या सगळ्यांनी ऐकलंय."

आईने तोंड उघडलं आणि मिटलं. माझ्या आठवणीत असं पहिल्यांदाच झालं.

रविवारी मी जुन्याच मऊ स्प्रिंगांवर उतरले. इंजिन खोकायला लागण्याआधी पाय काढायचा, असं मनाशी पढत सगळी वळणं घेतली. मधल्यामध्ये कुठेतरी नंबर आला. स्टिकरवाल्या पोरांनी मला मागे टाकलं आणि वर सल्लेही दिले. नव्या संचाची मागणी दुकानदाराकडे घातली होती, पण तो यायला वेळ होता. हरलेल्या माणसाला जेवढं चिडता येतं तेवढी मी चिडले होते.

त्या दिवशी वडील पहिल्यांदा दिंडोरीला आले होते. आईने अनारशांचा डबा दिला होता, तो काखोटीला मारून ते दोरीपाशी उन्हात उभे होते. नवरा मांडवाच्या सावलीत बसून लिंबू सरबत पीत होता. मी धुळीने माखलेली गाडी बाजूला लावून उतरले, तर वडिलांशेजारचा टोपीवाला गृहस्थ त्यांना विचारत होता, "ती लाल गाडी कोणाची हो, बाबा?"

वडिलांनी सवयीने हात सावलीकडे केला, नवऱ्याच्या दिशेने. तोंड उघडलं. मग हात खाली घेतला.

तिथे नदी नव्हती, आई नव्हती, पढवणारं कोणीच नव्हतं. मी आले आहे हेही त्यांनी पाहिलं नव्हतं.

"पोरीची हाय," ते म्हणाले, आणि डबा उघडून त्या माणसाला अनारसा दिला.